सुटा भाग

देवळ्यासारख्या तालुक्याच्या गावात डिजिटल कॅमेरा हा हौसेपेक्षा धंद्याचा भाग अधिक असतो, आणि त्यामुळे तो बिघडला की दुरुस्त करावा की बदलावा हा प्रश्न तिथे आवडीनिवडीचा राहत नाही. तो लग्नतिथींशी, कांद्याच्या भावाशी आणि नाशिक किंवा मुंबईच्या फेरीत मोडणाऱ्या दिवसांशी बांधलेला असतो. १९९९ साली स्वतंत्र तालुका झालेले हे गाव नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागात, कळवण, सटाणा, मालेगाव आणि चांदवड यांच्या मध्ये वसलेले असून देवळ्याच्या आणि उमराण्याच्या कांदा बाजारावर, डाळिंबाच्या बागांवर आणि लोहोणेर-विठेवाडीकडच्या गिरणाकाठच्या शेतीवर इथला पैसा फिरतो. त्यातलाच एक बारीक पाट फोटो स्टुडिओंकडे वळतो: साखरपुडा, हळद, लग्न, बारसे, वास्तुशांत, शाळेचे स्नेहसंमेलन, सप्तशृंगी गडावर फेडलेला नवस आणि अलीकडे लग्नाआधी नवरा-नवरीला माळरानावर, धरणाच्या भिंतीवर किंवा किल्ल्याच्या पायथ्याशी नेऊन केले जाणारे चित्रीकरण.

शेतीचे आणि या धंद्याचे वेळापत्रक एकमेकांत गुंतलेले आहे. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, त्यातला टिकाऊ माल चाळीत जातो (कांदाचाळ म्हणजे हवा खेळती राहावी म्हणून जमिनीपासून उचललेली, फटी ठेवलेल्या भिंतींची साठवणुकीची शेड) आणि भाव पाहून पुढे कित्येक महिने थोडा थोडा बाजारात येतो; लग्ने मात्र तुळशीच्या लग्नानंतर सुरू होऊन उन्हाळ्यात ऐन भरात येतात. फोटोग्राफरला बुकिंगच्या वेळी विसार मिळतो, उरलेले पैसे अल्बमबरोबर किंवा त्याहीनंतर येतात, आणि ज्या वर्षी कांदा पडतो त्या वर्षी ते आणखी मागे पडतात. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली आणि ४ मे २०२४ रोजी ती उठली, तीही ४० टक्के निर्यात शुल्क लावून. म्हणजे त्या लग्नसराईचा बराचसा काळ या बंदीखाली गेला. अशा हंगामाच्या मध्यावर हातातली बॉडी बंद पडली तर दुकानाच्या काचेआडचा नवा कॅमेरा कितीही सरस असला, तरी तो घेण्याची ऐपत त्या घटकेला असेलच असे नाही, आणि दुरुस्तीचा विचार तिथे गरज म्हणूनच पुढे येतो. (कॅमेऱ्याचा मुख्य सांगाडा, म्हणजे लेन्स काढल्यावर जे उरते ते सारे, याला धंद्यात सर्रास बॉडी म्हणतात.)

चार-सहा हंगाम वापरलेली बॉडी हातात घेतली तर तिचे वय आधी बोटांना कळते. उजव्या मुठीखालचे रबर घामाने सैल होऊन फुगलेले असते आणि त्याच्या कोपऱ्यावर फेविक्विकचे पांढुरके डाग दिसतात; मेनूच्या बटणावरची अक्षरे पुसलेली असतात, बॅटरीच्या झाकणाची कडी मोडल्यामुळे त्यावर काळी चिकटपट्टी आलेली असते, फ्लॅश बसवण्याच्या खाचेतला रंग उडून आतला धातू उघडा पडलेला असतो आणि डोळा टेकवायच्या रबरी कडेच्या घडीत कुठल्याशा हळदीची पिवळी रेघ कायमची बसलेली असते. यांतली एकही गोष्ट छायाचित्रात उतरत नाही. तरीही कॅमेरा जुना झाला असा निष्कर्ष बहुतेक वेळा याच खुणांवरून काढला जातो, किंवा मग तो मॉडेल बाजारात येऊन किती वर्षे झाली यावरून. आणि हे दोन्ही मापदंड चुकीचे आहेत. कॅमेरा म्हणजे वेगवेगळ्या गतीने झिजणाऱ्या भागांची जुळणी आहे, आणि तो खऱ्या अर्थाने संपतो तो त्यातल्या मोडलेल्या भागाच्या जागी बसवायला दुसरा भाग मिळेनासा होतो तेव्हा. म्हणून किती जुना हा प्रश्न बाजूला ठेवून नेमके काय मोडले आहे, तो भाग मिळतो का आणि तो बसवणारा हात कुठे आहे, हे तीन प्रश्न आधी विचारले पाहिजेत.

सर्वांत आधी झिजतो तो शटर. शटर म्हणजे सेन्सरसमोरचा, पातळ पात्यांचा बनलेला दुहेरी पडदा, आणि सेन्सर म्हणजे प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणारी सिलिकॉनची चौकोनी पट्टी, जिने जुन्या फिल्मची जागा घेतली. बटण दाबले की पहिला पडदा बाजूला होऊन प्रकाशाला वाट देतो आणि ठरलेल्या वेळानंतर दुसरा पडदा येऊन ती वाट बंद करतो. वेग जास्त असेल तर दुसरा पडदा पहिल्याच्या इतका लगेच पाठोपाठ निघतो की सेन्सर एका क्षणी पूर्ण उघडा कधीच नसतो, त्याच्यावरून फक्त एक अरुंद फट सरकत जाते. सेकंदाच्या चार हजाराव्या भागाइतकी बारीक वेळ मोजणारे हे काम यांत्रिक आहे, त्यात स्प्रिंगा आहेत, दाते आहेत, घर्षण आहे, आणि म्हणून त्याला मोजता येणारे आयुष्य आहे. निकॉनच्या डी ९० या २००८ सालच्या कॅमेऱ्याचा शटर एक लाख वेळा चालेल अशी चाचणी झालेली होती, त्याच वर्षीच्या कॅननच्या फाइव्ह डी मार्क टूचा दीड लाख वेळा. एका लग्नात दोन हजार वेळा बटण दाबले जाते असे धरले तर पन्नास लग्नांत एक लाखाचा आकडा पुरा होतो, म्हणजे वर्षाला पंचवीस लग्ने करणाऱ्याच्या हातात दोनच वर्षांत. हा आकडा मुदतीचा नाही. कित्येक शटर त्याच्या दुप्पट चालतात आणि काही अर्ध्यावर मोडतात. मुद्दा असा की शटर हा मुळातच झिजायला ठेवलेला, बदलता येणारा भाग आहे, आणि तो मोडला म्हणून कॅमेरा गेला असे समजणे रास्त नाही. कॅननच्या पडद्यावर ‘एरर ३०’ अशी खूण आली की बिघाड शटरचा असल्याचे कॅमेराच सांगतो, आणि भाग उपलब्ध असेल तर हे काम जाणत्या कारागिराच्या टेबलावर काही तासांचे असते.

काही बिघाड तर बिघाडच नसतात. ‘एरर ०१’ ही खूण लेन्स आणि बॉडी यांच्यातला संवाद तुटल्याचे दाखवते, आणि अनेकदा त्याचे कारण लेन्सच्या मागच्या कड्यावर असलेल्या सोनेरी संपर्कबिंदूंवर साचलेला मळ एवढेच असते, जो कोरड्या, स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून निघतो. चित्रात आकाशावर किंवा पांढऱ्या साडीवर दर वेळी त्याच जागी दिसणारे करडे ठिपके ही सेन्सरवर बसलेली धूळ असते. खरे तर ती सेन्सरवर नसून त्याच्यापुढच्या संरक्षक काचेवर असते, आणि हीच गोष्ट सफाई शक्य करते. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात वारा सुटला की कांद्याची फोलपटे अंगणभर उडतात, जिथे लग्नाची वरात मातीच्या रस्त्यावरून निघते आणि हळदीच्या कार्यक्रमात भंडारा मुठीने उधळला जातो, तिथे भर गर्दीत लेन्स बदलणाऱ्याच्या कॅमेऱ्यात धूळ जाणारच. ती तपासण्याची पद्धत सोपी आहे: लेन्सचे छिद्र एफ १६ इतके बारीक करून मोकळ्या आकाशाचा फोटो घ्यावा आणि तो पडद्यावर मोठा करून पाहावा. रबरी फुग्याच्या हवेने बहुतेक धूळ निघते. तोंडाने फुंकर घालू नये, कारण तिच्याबरोबर जाणारे लाळेचे कण धुळीपेक्षा चिवट डाग करतात. एवढ्याशा कामाअभावी चांगल्या बॉड्या बेभावाने विकल्या जातात, आणि त्या घेणारे हुशार लोक सफाई करून वर्षानुवर्षे वापरतात. या व्यवहारात नुकसान होते ते अज्ञानाचे मोल देणाऱ्याचे.

लेन्सची गोष्ट बॉडीपेक्षा वेगळी आहे आणि तिच्याबद्दल अधिक काळजीने विचार व्हायला हवा, कारण चांगली काच बॉडीच्या तीन-चार पिढ्या पाहते. तिचा मोठा शत्रू बुरशी. दोन काचांच्या मधल्या बंद जागेत ओल राहिली की धूळ आणि तेलकट थर यांवर बुरशीचे धागे वाढतात. टॉर्चचा उजेड एका बाजूने तिरका टाकून, छिद्र पूर्ण उघडून दुसऱ्या बाजूने पाहिले तर ते कोळ्याच्या जाळ्यासारखे काचेच्या कडेकडून आत सरकताना दिसतात. देवळ्याची हवा कोकणासारखी ओली नाही, पण लग्नसराई संपल्यावर कॅमेरा चामड्याच्या किंवा कापडाच्या बॅगेत घालून पावसाळाभर लोखंडी कपाटात ठेवण्याची पद्धत बुरशीला पुरेशी ठरते. सुरुवातीच्या अवस्थेत लेन्स उघडून काच पुसता येते; उशीर झाला तर बुरशीतून पाझरणारी आम्ले काचेवरचा अतिसूक्ष्म लेप खातात आणि मग तो डाग कायमचा राहतो. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या, म्हणजे ओल शोषून घेणाऱ्या दाण्यांच्या, पुड्या ठेवणे आणि ते दाणे निळ्याचे गुलाबी झाले की तापवून पुन्हा कोरडे करणे, एवढ्या स्वस्त उपायाने जे वाचते ते नंतर कुठल्याही दुरुस्तीने परत येत नाही.

खरे घोडे अडते ते इलेक्ट्रॉनिक भागांपाशी. मुख्य सर्किट बोर्ड, ज्याला बाजारात मदरबोर्ड म्हणतात, त्यावरच्या चिप केवळ त्या कंपनीसाठी, कधीकधी केवळ त्या मॉडेलसाठी तयार झालेल्या असतात; त्या सुट्या विकत मिळत नाहीत, त्यांचे आराखडे कोणाला दिले जात नाहीत, आणि कंपनीने नवा बोर्ड देणे बंद केले की कारागिराला तसाच दुसरा मेलेला कॅमेरा शोधून त्याच्यातला बोर्ड काढावा लागतो. सेन्सरचेही तसेच. सोनीने बनवलेल्या काही सीसीडी सेन्सरमध्ये (सीसीडी ही सेन्सरची जुनी जात) उष्ण आणि दमट हवेत आतल्या बारीक तारांचे जोड सुटून चित्र विस्कटते किंवा काळेच येते असे २००५ साली उघड झाले, आणि ते सेन्सर वापरणाऱ्या अनेक नामवंत कंपन्यांनी आपापल्या ग्राहकांना मोफत दुरुस्ती जाहीर केली. त्या घटनेतून दोन गोष्टी दिसतात: कॅमेऱ्याच्या आयुष्यात हवामानाचा वाटा मोठा आहे, आणि उत्पादकाने मनावर घेतले तर सेन्सरसारखा गाभ्याचा भागही बदलता येतो. तंत्र आड येत नव्हते; भाग पुरवण्याची तयारी होती म्हणून ते शक्य झाले.

देवळ्याच्या रस्त्यावरच याच्या उलट असलेले एक उदाहरण रोज दिसते, ते म्हणजे मोटार रिवायंडिंगचे दुकान. विहिरीतला पाणबुडी पंप जळाला तर शेतकरी तो वर काढतो, दुकानात नेतो, कारागीर जळालेली तार उपसून काढतो, वेढे मोजतो, त्याच जाडीची नवी तांब्याची तार भरतो, बेअरिंग पालटतो, आणि पंप पुन्हा विहिरीत जातो. असा पंप तीन-चार वेळा जळून भरलेला असणे यात कोणाला नवल वाटत नाही. हे घडते कारण त्या मोटारीत लपवलेले काही नाही. तार वजनावर मिळते, बेअरिंगवर त्याचा क्रमांक छापलेला असतो आणि तो क्रमांक कुठल्याही दुकानात चालतो. कॅमेरा पंपापेक्षा नाजूक आणि गुंतागुंतीचा आहे हे खरे, पण तो दुरुस्त न होण्याचे कारण त्या गुंतागुंतीत जेवढे आहे त्याहून अधिक भागांवरच्या मक्तेदारीत आहे, हे या शेजारामुळे स्पष्ट होते. दुरुस्तीची वृत्ती किंवा कसब या भागात कमी पडत नाही. कमी पडतो तो भाग.

नाशिक जिल्ह्याला आणि एकूण मराठी मुलखाला कॅमेरा उघडण्याची, समजून घेण्याची जुनी परंपरा आहे, आणि ती इथे आठवणे अप्रस्तुत नाही. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा चित्रपट कॅमेरा घेऊन आले, आणि त्याबरोबर फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्रही, कारण त्या काळी कच्ची फिल्म भोके न पाडलेली येत असे आणि ते काम घरच्या अंधाऱ्या खोलीत सरस्वतीबाई फाळके यांनीही केले. भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसावा म्हणून फाळक्यांनी त्या कॅमेऱ्याने आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून दाखवली, ती ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर येण्याच्या आदल्या वर्षी. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी तर कॅमेरा स्वतःच तयार करण्याचा ध्यास घेतला; १९१६ मध्ये आनंदराव अकाली गेले, पण बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने तो १९१८ साली पुरा केला, आणि १९२० मध्ये त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ लोकांपुढे आला. या माणसांची थोरवी त्यांच्या चित्रपटांत आहेच. पण यंत्र आपल्याला उघडता येते, त्याचा मोडलेला दाता आपल्याला कातता येतो, या विश्वासात ती तितकीच आहे. डिजिटल कॅमेऱ्याच्या काळात तो विश्वास वापरणाऱ्याच्या हातून निसटला, आणि तो निसटण्याचे दुःख जुन्या काळाच्या ओढीने होणारे नाही. रोजच्या पोटापाण्याच्या हिशेबात ते जाणवते.

हा हिशेब पुढच्या काळात अधिक अवघड होईल असे दिसते. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या नोंदींनुसार २०१० मध्ये जगभर सुमारे १२ कोटी १५ लाख डिजिटल कॅमेरे पाठवले गेले होते. २०२३ मध्ये हा आकडा सुमारे ७७ लाखांवर आला. मधल्या काळात घराघरांतले खिशात मावणारे छोटे कॅमेरे मोबाईलने गिळले, आणि त्या छोट्या कॅमेऱ्यांची दुरुस्ती हा चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला असा व्यवहार झाला. मोठे, लेन्स बदलता येणारे कॅमेरे टिकले, पण त्यांतही आरशाच्या कॅमेऱ्यांकडून (ज्यांत आतल्या आरशावरून परावर्तित झालेले दृश्य डोळ्याला दिसते, ते डीएसएलआर) आरसा नसलेल्यांकडे कंपन्यांनी मोर्चा वळवला. ज्या जातीचे उत्पादन थांबते तिचे भाग काही वर्षांनी संपतात, हा क्रम ठरलेला आहे. कायद्याने यात काही करता येते. कॅलिफोर्निया राज्याने १ जुलै २०२४ पासून शंभर डॉलर वा त्याहून महाग इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी त्यांचे उत्पादन थांबल्यावरही सात वर्षे भाग, अवजारे आणि माहितीपुस्तिका उपलब्ध ठेवणे उत्पादकांवर बंधनकारक केले. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरवण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. त्यात शेतीची अवजारे, मोबाईल व टॅबलेट, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे निवडली गेली. पहिल्या यादीत शेतीची अवजारे आली हे योग्यच झाले. पण लहान गावातल्या छायाचित्रकाराचा कॅमेरा हेही पोटापाण्याचे अवजारच आहे, आणि त्याचे नाव त्या यादीत स्वतंत्रपणे यायला हवे.

तोवर निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा आहे, आणि तो घेताना चित्र पुरेसे आहे का हा प्रश्न आकड्यांनी तपासता येतो. बाराहून थोडे अधिक मेगापिक्सेल देणाऱ्या डी ९०चे चित्र ४२८८ बाय २८४८ ठिपक्यांचे असते (मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके). दर इंचाला ३०० ठिपके या उत्तम छपाईच्या मापाने ते साधारण १४ बाय साडेनऊ इंच छापले जाते. लग्नाच्या अल्बमचे उघडलेले पान बहुधा १२ बाय ३६ इंचांचे असते, म्हणजे त्याचा अर्धा भाग १२ बाय १८. अख्ख्या अर्ध्या पानावर एकच फोटो घेतला तरी दर इंचाला २३८ ठिपके मिळतात, आणि हातात धरून पाहायच्या अल्बमला तेवढे पुरतात. चोवीस मेगापिक्सेलच्या नव्या बॉडीत ठिपके जवळपास दुप्पट होतात पण चित्राची लांबी ४२८८ वरून ६००० वर जाते, म्हणजे ती दीडपटही होत नाही. केवळ मेगापिक्सेलसाठी जुनी बॉडी काढून टाकणाऱ्याला अल्बमच्या कागदावर फरक सहसा सापडत नाही, आणि दुकानदार हे सांगत नाही.

मात्र काही कामांत जुना कॅमेरा खरोखर हरतो, आणि तिथे दुरुस्तीचा आग्रह धरणे हे भाबडेपण होईल. रात्रीच्या मांडवात, अपुऱ्या उजेडात, जुन्या सेन्सरची संवेदनशीलता वाढवली की चित्रात रंगीत दाणे उमटतात. नवे सेन्सर तिथे स्पष्ट सरस आहेत. मांडवातल्या स्वस्त एलईडी दिव्यांची अडचण आणखी वेगळी आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण शटरचा वेग सेकंदाच्या शंभराव्या भागाहून जास्त ठेवला की पडद्याची फट सरकत असतानाच उजेड बदलतो आणि नवरीच्या चेहऱ्यावरून काळसर पट्टा जातो. ही लुकलुक ओळखून उजेड भरात असतानाच बटणाचा आदेश पार पाडण्याची सोय कॅननने २०१४ साली सेव्हन डी मार्क टूमध्ये आणली आणि पुढे ती इतरत्रही आली. जुन्या बॉडीत ती कुठल्याही दुरुस्तीने घालता येत नाही. व्हिडिओचेही तेच. गिऱ्हाईक आता अल्बमइतकेच, कधी त्याहून जास्त, मोबाईलवर फिरवायच्या छोट्या फितीला मोल देते, आणि हलत्या माणसाच्या डोळ्यावर नजर रोखून धरणारी नव्या कॅमेऱ्यांची फोकस यंत्रणा तिथे फोटोग्राफरचा जीव वाचवते. ज्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा व्हिडिओतून येतो त्याने जुन्या बॉडीवर पैसे घालू नयेत, तिचा शटर मिळत असला तरीही.

पैशाची तुलना करताना होणारी एक चूक इथे नोंदवली पाहिजे. दुरुस्तीचा खर्च बहुधा नव्या कॅमेऱ्याच्या किमतीशी तोलला जातो, आणि मग तो नेहमीच स्वस्त वाटतो. किंवा कॅमेरा जुना आहे म्हणून तो शून्याशी तोलला जातो, आणि मग तो नेहमीच महाग वाटतो. खरी तुलना त्याच मॉडेलची, चालू स्थितीतली, जुनी बॉडी आज किती रुपयांना मिळते याच्याशी करायला हवी. दुरुस्ती त्या किमतीच्या निम्म्यात होत असेल तर ती करावी, कारण बाजारातली अनोळखी जुनी बॉडी घेताना तिचा शटर किती चालला आहे याची खात्री नसते, आणि आपल्या बॉडीचा इतिहास आपल्याला माहीत असतो. बदलायचेच ठरले तर लेन्सचा खर्च त्यात धरावा लागतो. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा आणि कॅननचा ईएफ १९८७ पासूनचा (माउंट म्हणजे लेन्स आणि बॉडी जुळवणारे धातूचे कडे). २०१८ साली दोन्ही कंपन्यांनी आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट आणले. जुन्या लेन्सा मधले जोडकडे लावून नव्यावर चालतात, पण सगळ्या सारख्या चालत नाहीत: ज्या जुन्या निकॉन लेन्सा फोकस करण्यासाठी बॉडीतल्या मोटरवर अवलंबून असतात त्यांचा आपोआप होणारा फोकस निकॉनच्या स्वतःच्या जोडकड्यावर चालत नाही. पन्नास मिलिमीटरची एक जुनी, लाडकी लेन्स त्यामुळे हाताने फिरवायची लेन्स होऊन बसते.

शेवटी प्रश्न वेळेचा. दुरुस्तीसाठी कॅमेरा नाशिकला द्यावा लागतो, भाग नसेल तर तिथून मुंबईला, फोर्टातल्या बोरा बाजारापर्यंत जातो, आणि लग्नसराईच्या ऐन महिन्यात पंधरा दिवस कॅमेऱ्याविना काढणे कोणालाही परवडत नाही. यासाठी शहाणे फोटोग्राफर दुरुस्तीची सर्व कामे आषाढ ते कार्तिक या मोकळ्या काळात उरकतात, शटरचा आकडा एक लाखाच्या जवळ आला असेल तर शटर मोडण्याची वाट न पाहता याच काळात बदलून घेतात, आणि नवी बॉडी आली तरी जुनी विकत नाहीत. जुनी बॉडी मग दुसऱ्या क्रमांकावर जाते: मुख्य कॅमेरा लांब लेन्स लावून अंतरपाटापाशी असतो तेव्हा ही रुंद लेन्स लावून मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, शिकाऊ पोराच्या हातात असते, आणि मंगलाष्टके चालू असताना मुख्य कॅमेऱ्याने दगा दिला तर तेवढ्यापुरती पुढे येते. दोन्ही बॉड्या एकाच माउंटच्या आणि शक्यतो एकाच बॅटरीच्या असाव्यात हे या व्यवस्थेचे सूत्र आहे. कॅननची एलपी-ई ६ ही बॅटरी २००८ पासून अनेक मॉडेलांत जवळपास त्याच आकारात टिकून राहिली, म्हणून तिच्या मालकांना ही सोय फुकट मिळाली.

आणि जिचा बोर्ड गेला, जिचा सेन्सर गेला, अशी पूर्ण बंद पडलेली बॉडीसुद्धा भंगारवाल्याला किलोच्या भावाने देण्यात तोटा आहे. तिच्यात चालू स्थितीतला शटर असू शकतो, बॅटरीचे न मोडलेले झाकण असते, फ्लॅशची खाच, मागचा पडदा, बटणांची पट्टी, आरशाची घडण आणि नेमक्या त्याच मापाचे स्क्रू असतात, जे बाहेर सहज मिळत नाहीत. देवळा, सटाणा, कळवण आणि मालेगाव या चार गावांतल्या स्टुडिओंनी आपल्याकडच्या अशा बॉड्या मॉडेलप्रमाणे एका जागी जमा केल्या आणि त्यांची साधी वही ठेवली, तर कंपनीने भाग देणे बंद केल्यावरही दोन-चार हंगाम बऱ्याच जणांचे काम निघेल. फक्त त्यांतल्या बॅटऱ्या आधी काढून वेगळ्या ठेवाव्यात, कारण फुगलेली लिथियम बॅटरी डब्यात दाबली गेली तर पेट घेऊ शकते. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत, तसेच बॅटरी कचऱ्याचेही स्वतंत्र नियम आहेत, आणि अशा बॅटऱ्या नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे पोचवणे हाच त्यांचा योग्य मार्ग आहे. बाकीची बॉडी, मेलेल्या बोर्डासकट, वहीत नोंद करून फडताळात ठेवावी.